आंतरराष्ट्रीय द्वैभाषिक शाळा आणि मराठी विभागांची जबाबदारी

१

काही वर्षांपूर्वी जूनच्या आरंभी, प्रवेशाच्या धांदलीत, आमच्या विभागात सोळा वर्षांची एक मुलगी आपल्या आईबरोबर आली. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम राबवणाऱ्या एका खाजगी शाळेत ती अकरावीत जाणार होती. ही शाळा निवडपरीक्षा घेऊन मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश देते आणि आपल्या माहितीपत्रकात स्वतःला 'द्वैभाषिक' म्हणवते. मुलीला इंग्रजी साहित्याबरोबर मराठी साहित्य हाही विषय घ्यायचा होता. शाळेने नकार दिला नव्हता. मात्र मार्गदर्शक, ग्रंथ आणि अभ्याससाहित्य यांची सोय तुम्हीच करा, असे सांगितले होते. मुलीने मला सरळ प्रश्न केला, "सर, 'बनगरवाडी'वर मला समजेल असे काय वाचू?"

आमच्या ग्रंथालयात कादंबरीच्या प्रती होत्या. तिच्यावरील प्रबंध आणि नियतकालिकांतील लेख होते. बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी निघणारी परीक्षोपयोगी मार्गदर्शके तर होतीच. परंतु सोळा वर्षांच्या बुद्धिमान, उत्सुक वाचकाच्या हाती विश्वासाने ठेवता येईल असे यांतले काहीच नव्हते. प्रबंध तिच्यासाठी फार जड होते आणि मार्गदर्शके तिच्या बुद्धीचा अपमान करणारी होती. मी तिला दोनतीन लेखांच्या नकला काढून दिल्या. पुढे कळले, की तिने मराठीचा विचार सोडून दिला आणि दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली.

या प्रसंगाचा दोष त्या शाळेवर टाकून मोकळे होणे सोपे होते, आणि पुष्कळ दिवस मी तेच करीत होतो. परंतु ती मुलगी शाळेच्या दारातून नव्हे, आपल्या विभागाच्या दारातून रिकाम्या हाताने परत गेली, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही वस्तुस्थिती आहे.

२

'आंतरराष्ट्रीय शाळा' हा शब्द आपल्याकडे भरमसाट शुल्क, वातानुकूलित वर्ग आणि परदेशी उच्चार यांच्याशी निगडित झाला आहे. या कल्पनेचा उगम मात्र वेगळ्या भूमीत झाला. पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हा येथे राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांची कार्यालये स्थापन झाली. नाना देशांचे अधिकारी सहकुटुंब तेथे राहू लागले आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९२४ मध्ये 'एकोल एंतरनास्योनाल' ही शाळा निघाली. नवशिक्षणाचे पुरस्कर्ते आदोल्फ फेरिएर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आरंभी विद्यार्थी होते अवघे आठ. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत शिकायचे आणि शेजारी बसलेल्या मुलाचा देश शत्रू न मानता समजून घ्यायचा, अशी त्या शाळेची धारणा होती. १९२९ ते १९४९ या काळात मारी-तेरेझ मोरेत या शाळेच्या संचालिका होत्या. एकाच देशाला केंद्रस्थानी ठेवणारे नकाशे टाळून जगाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहायला शिकवणारे भूगोलाचे अध्यापन त्यांनी रूढ केले. त्या काळी हा केवळ अध्यापनपद्धतीचा भाग नव्हता. ती एक नैतिक भूमिका होती.

या शाळेशी आपल्या देशाचाही एक धागा जुळलेला आहे. कमला नेहरूंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब १९२६ मध्ये जिनीव्हाला गेले, तेव्हा लहानग्या इंदिरेला याच शाळेत घातले होते. तेथे ती फ्रेंच शिकली. मात्र तिची घरची भाषा शाळेच्या दोन भाषांत नव्हती. पोलिश, चिनी किंवा फार्सी घरातून येणाऱ्या मुलांचीही तीच स्थिती होती. या शाळेची द्वैभाषिकता थोर हेतूची खरी, परंतु ती राजनैतिक व्यवहाराच्या दोन बलिष्ठ भाषांची होती. विद्यार्थ्याची स्वतःची भाषा तिसरीच असू शकते आणि तिलाही ज्ञानाच्या दालनात जागा हवी, ही जाणीव त्या व्यवस्थेत पुढे हळूहळू आली.

३

ही जाणीव कशी आली हे पाहणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आज आय.बी. या संक्षेपाने ओळखली जाणारी 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही परीक्षापद्धती मुख्यतः जिनीव्हाच्या याच शाळेतील शिक्षकांच्या पुढाकारातून जन्मली. १९६८ मध्ये तिची रीतसर संस्था स्थापन झाली आणि ऑक्सफर्डचे शिक्षणतज्ज्ञ अलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक झाले. अकरावी-बारावीच्या वयातील विद्यार्थ्याने सहा विषय घ्यावेत, त्यांत विज्ञान, गणित आणि समाजविद्या असाव्यात. परंतु त्याच्या सर्वांत जवळच्या भाषेतील साहित्याचा अभ्यास त्याने करावाच, असे या अभ्यासक्रमाचे एक मूलसूत्र आहे. अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलालाही साहित्यातून सूट नाही. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञानशाखेत भाषा हा विषय ज्या उपेक्षेने उरकला जातो ती लक्षात घेता, मराठीच्या प्राध्यापकाला या सूत्राचा हेवा वाटावा.

या अभ्यासक्रमातील तीन तरतुदी आपल्या चर्चेला थेट लागू पडतात. पहिली तरतूद अशी, की विद्यार्थ्याच्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला, तरी त्याला त्या भाषेचे साहित्य स्वयंअध्ययनाने, शाळेच्या देखरेखीखाली अभ्यासता येते. निश्चित यादीत नसलेल्या भाषेसाठी पुरेसे आधी विनंती करण्याचीही वाट ठेवलेली आहे.

दुसरी तरतूद पाठ्यग्रंथांची. साहित्याच्या सामान्य पातळीच्या अभ्यासक्रमात नऊ कलाकृती वाचायच्या असतात. त्यांपैकी किमान चार विद्यार्थ्याच्या भाषेत मुळात लिहिलेल्या असाव्या लागतात. किमान तीन परभाषेतून त्या भाषेत अनुवादित झालेल्या असाव्या लागतात. उरलेल्या दोन निवडीच्या. म्हणजे मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्याने चार मराठी ग्रंथांबरोबर जगातील किमान तीन ग्रंथ मराठीत वाचायचे असतात. जागतिक साहित्याकडे जाण्याचा रस्ता मातृभाषेतूनच काढण्याची ही कल्पना आपल्या विद्यापीठांतील तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांनीही इतक्या स्वच्छपणे मांडलेली नाही.

तिसरी तरतूद द्वैभाषिक पदविकेची, आणि ती विशेष उद्बोधक आहे. दोन भाषांतील साहित्य अभ्यासणाऱ्याला, किंवा एका भाषेचे साहित्य आणि दुसऱ्या भाषेतून इतिहासासारखी समाजविद्या वा एखादे विज्ञान शिकणाऱ्याला, गुणांची अट पुरी केल्यावर 'द्वैभाषिक पदविका' मिळते. याचा अर्थ, मराठी साहित्य घेऊन भौतिकशास्त्र इंग्रजीतून शिकणारी मुलगी या व्याख्येने द्वैभाषिक ठरते. उलट, इंग्रजी साहित्य घेऊन बाकी सारे इंग्रजीतूनच शिकणारा आणि संभाषणापुरती दुसरी भाषा घेणारा विद्यार्थी मात्र द्वैभाषिक ठरत नाही. घरी तो मराठी बोलत असला, तरीही नाही. भाषा अवगत असणे वेगळे आणि त्या भाषेत विचाराची उंची गाठणे वेगळे, हा भेद येथे नियमातच गोवलेला आहे.

४

आता आपल्याकडे वळू. भारतात हा अभ्यासक्रम प्रथम १९७६ मध्ये कोडाईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेत आला. महाराष्ट्रात १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे त्याचे एक वैशिष्ट्यपूर्ण केंद्र. वेगवेगळ्या देशांतील समित्यांनी निवडलेले विद्यार्थी तेथे एकत्र राहून शिकतात. त्यानंतरच्या काळात मुंबई आणि पुणे परिसरात अशा शाळांची संख्या वाढत गेली. त्यांत मराठी घरांतील मुले आहेत; आणि ती केवळ धनिकांची आहेत असे नाही. दोघांचे पगार एकत्र करून, कर्ज काढून मुलाला तेथे पाठवणारे पालक आपल्या परिचयात आहेत. प्रामाणिकपणे बोलायचे तर, ते आपल्या सहकाऱ्यांतही आहेत.

या शाळांत मराठीचे स्थान काय? महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा केला. त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु त्याची मर्यादा पहिली ते दहावी एवढीच आहे. भाषा हे केवळ व्यवहाराचे साधन नसून अनुभव घेण्याची रीत आहे हे ज्या वयात उमगते, ती सोळा ते अठरा ही दोन वर्षे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. दहावीपर्यंत मराठीने अक्षरओळख, पत्रलेखन आणि सोपे उतारे एवढे द्यायचे. मग विद्यार्थ्याने साहित्यासाठी इंग्रजीकडे आणि दुसऱ्या भाषेसाठी फ्रेंच, स्पॅनिश किंवा हिंदीकडे जायचे, ही वाट सोयीची म्हणून रूढ होते. परिणामी 'द्वैभाषिक' या शब्दाचा अर्थच पालटतो. एक भाषा ज्ञानाची आणि दुसरी स्वयंपाकघराची, अशी ही विभागणी होते. अशा विभागणीला द्वैभाषिकता म्हणता येणार नाही. ती भाषांची उतरंड आहे.

या उतरंडीचे खापर अभ्यासक्रमावर फोडता येत नाही, कारण अभ्यासक्रमाने दार उघडे ठेवले आहे. शाळांचा दोष निश्चितच आहे: चारदोन विद्यार्थ्यांसाठी खटपट करण्यापेक्षा त्यांना सोयीच्या विषयाकडे वळवणे त्यांना परवडते. पालकांचाही दोष आहे. परंतु समजा, उद्या एखाद्या शाळेने आपल्याला पत्र लिहिले, की आमच्या पाच विद्यार्थ्यांना मराठी साहित्य घ्यायचे आहे, नऊ ग्रंथांची यादी आणि त्यांचे अभ्याससाहित्य पाठवा. आपल्या विभागांपैकी किती जण ते आठवड्याभरात पाठवू शकतील?

५

मूळ मराठी ग्रंथांची वानवा नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', विभावरी शिरूरकरांची 'बळी', मर्ढेकरांची कविता, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे', दया पवारांचे 'बलुतं', एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' – वेगवेगळे काळ, वाङ्मयप्रकार आणि समाजस्तर यांचे भान देणारी यादी कोणीही सहज करील. अडचण पुढची आहे. 'बळी'तील तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीमागे गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींविषयीचा कोणता कायदा होता, 'बनगरवाडी'तील एकशिक्षकी शाळा कोणत्या संस्थानी व्यवस्थेचा भाग होती, 'बलुतं' या शब्दामागे कोणती ग्रामव्यवस्था आहे, हे शहरातील सोळा वर्षांच्या वाचकाला कोणीतरी सांगायला हवे. ते नेमके, थोडक्यात आणि अर्थनिर्णयाचे स्वातंत्र्य हिरावून न घेता सांगणारी सटीप आवृत्ती तयार करणे हे विद्वत्तेचे काम आहे. आपण ते हलके मानले आणि बाजारातील मार्गदर्शकांवर सोपवले.

अनुवादित ग्रंथांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठीत रूपांतराची परंपरा मोठी आहे. 'झुंझारराव' किंवा 'ती फुलराणी' ही आपल्या रंगभूमीची भूषणे आहेत. परंतु शेक्सपिअर किंवा शॉ यांची मूळ कलाकृती अनुवादात वाचली असे त्यांच्या आधारे म्हणता येणार नाही. तेथे विंदा करंदीकरांचे 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर', किंवा पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या लघुकादंबरीवरून केलेले 'एका कोळियाने' यांच्याकडे वळावे लागते. आणि त्यांतही मूळ संहितेशी निष्ठा किती, मुक्तता किती, याची तपासणी करावी लागते. मुळाशी ताडून पाहिलेल्या विश्वसनीय मराठी अनुवादांची वर्णनात्मक सूची आज विद्यार्थ्याच्या हाती नाही. भाषांतरमीमांसेवर आपण चर्चासत्रे पुष्कळ घेतली. या मीमांसेच्या उपयोगाची ही पहिली पायरी मात्र आपण ओलांडलेली नाही.

यासोबत एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत विद्यार्थ्यापुढे पूर्वी न वाचलेला साहित्यिक उतारा ठेवला जातो आणि त्याचे विश्लेषण करायला सांगितले जाते. दोन कलाकृतींची तुलना करणारा निबंध लिहावा लागतो. तोंडी परीक्षेत एक मूळ आणि एक अनुवादित कलाकृती घेऊन, जगाला भिडणाऱ्या एखाद्या प्रश्नाच्या अनुषंगाने दहा मिनिटे सलग बोलावे लागते आणि त्यानंतर प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. आपल्या बी.ए.च्या प्रश्नपत्रिका यासमोर ठेवून पाहाव्यात. स्वभावचित्र रेखाटा, कथानक सांगा, टिपा लिहा – हे प्रश्न आपणच काढतो आणि विद्यार्थी स्वतंत्र विचार करीत नाहीत अशी तक्रारही आपणच करतो. अनोळखी कवितेसमोर एकटे उभे राहण्याची सवय आपण एम्.ए.च्या विद्यार्थ्यालाही क्वचितच लावतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो गंभीर आहे. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पटसंख्या घटत असता, मराठी माध्यमाच्या शाळांना शिक्षक मिळत नसता, मूठभर सधन शाळांतील मूठभर मुलांसाठी विद्यापीठीय विभागांनी का झिजावे? ज्यांनी मराठीकडे पाठ फिरवली त्यांच्या मागे धावण्यात कोणता स्वाभिमान?

या आक्षेपातील वेदना मला मान्य आहे. निवडीने आणि शुल्काने बंदिस्त झालेल्या शाळा हा शिक्षणातील विषमतेचाच एक आविष्कार आहे, हेही नाकारता येत नाही. तरीही दोन गोष्टी विचारात घ्याव्यात, असे मला वाटते. पहिली अशी, की मी सुचवत असलेले काम त्या शाळांच्या मालकीचे होणार नाही. 'बलुतं'ची उत्तम सटीप शालेय आवृत्ती एकदा तयार झाली, की ती गडचिरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयातील मुलीलाही तितकीच उपयोगी पडेल. किंबहुना तिला ती अधिक हवी आहे, कारण तिच्याजवळ दुसरे ग्रंथालय नाही. आंतरराष्ट्रीय शाळेतील विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नामुळे आपली उणीव आपल्याला दिसली, एवढेच. दुसरी गोष्ट भाषेच्या प्रतिष्ठेची आहे. एखादी भाषा उच्च अध्ययनाच्या कोणत्याही दालनातून गैरहजर राहिली, की तिची ती अनुपस्थिती लवकरच तिची अपात्रता म्हणून सांगितली जाऊ लागते.

हे आपल्या बाबतीत एकदा घडलेले आहे. मुंबई विद्यापीठाने १८६० नंतरच्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून दूर केल्या. अभिजात भाषांच्या तुलनेत या भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, हा त्यामागचा एक समज होता. त्या निर्णयाविरुद्ध न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर जे टिपण लिहिले त्याची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी अस्मितेचा घोष केला नाही. प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मोजदाद केली, त्यांचे विषयवार वर्गीकरण केले, बलस्थाने आणि उणिवा दोन्ही दाखवल्या. 'वाङ्मय नाही' या विधानाला त्यांनी वाङ्मयाची यादी हे उत्तर दिले. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला विद्यापीठाच्या एम्.ए.च्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. आज आपले विभाग ज्या पायावर उभे आहेत तो एका यादीने घातलेला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण साजरा केला. परंतु अभिजात भाषेची खूण केवळ तिचे प्राचीनत्व ही नव्हे. जिच्या ग्रंथांच्या शुद्ध, सटीप, नवागत वाचकाला हात देणाऱ्या आवृत्त्या पिढ्यान्पिढ्या तयार होत राहतात ती भाषा अभिजात. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत यांच्या बाबतीत हे काम त्या त्या भाषेच्या पंडितांनी केले; परीक्षेचे काम म्हणून त्यांनी ते खालच्या दर्जाचे मानले नाही.

७

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक विद्यापीठीय विभागाने पुढील तीन वर्षांत दोन मराठी कलाकृतींच्या सटीप आवृत्त्या सिद्ध कराव्यात. कोणी कोणती घ्यावी हे आपसांत ठरवावे. एखाद्या विभागाने मराठीतील विश्वसनीय अनुवादांची, मुळाशी ताडून पाहिलेली सूची करावी. एम्.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून या टिपांचे काम द्यावे; तयार मजकुरांच्या जोडणीतून होणाऱ्या प्रबंधिकांपेक्षा त्यांतून ते अधिक शिकतील. हक्कधारकांची परवानगी, छपाईचा खर्च, श्रेयाची वाटणी या अडचणी आहेतच. पण त्या अशक्य कोटीतील नाहीत. आणि विभागाच्या फलकावर एक नाव असावे: मराठी साहित्य अभ्यासू इच्छिणाऱ्या कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्याने कोणाला भेटावे, हे सांगणारे.

त्या मुलीने विचारलेला प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर देणे हे माझे काम होते. तिने शाळा कोणती निवडली, तिच्या वडिलांनी शुल्क किती भरले, हा त्या क्षणी माझा प्रश्न नव्हता. मराठी वाचण्याची इच्छा घेऊन एक वाचक दाराशी आली होती. विद्यापीठाच्या मराठी विभागाचे अस्तित्व ज्या कारणासाठी आहे त्यांपैकी पहिले कारण हेच असावे. पुढच्या जूनमध्ये कोणी आले, तर त्याच्या हाती ठेवायला निदान एक पुस्तक आपल्याजवळ असावे.